शिलाई मशीन कुणी मागितलं होतं?

कापणीच्या सणाला आमच्या चर्चच्या मंडळीत लिलाव होतो. मुंबईत कसली कापणी म्हणा! भोपळे भायखळ्याच्या भाजी मार्केटातून येतात, नारळ कुणाच्या तरी वसईच्या काकांकडून, आणि एक जिवंत कोंबडी असते, तिच्यावर दरवर्षी सगळ्यांत चढी बोली लागते. शंभराचा भोपळा अकराशेला जातो, टाळ्या पडतात, पैसे मंडळीच्या खात्यात. एका वर्षी त्या पैशांत बाहेरची थोडी देणगी घालून आम्ही मानखुर्दला रुळांलगतच्या एका वस्तीत बारा शिलाई मशिनं वाटली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, फोटो निघाले. महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून मी फोटोत मधोमध आहे.

सहा महिन्यांनी पुन्हा गेले. दोन मशिनं चालू होती. एकावर टीव्ही ठेवला होता, एक सावकाराकडे गहाण पडलं होतं, बाकीची चादरीखाली. मी जरा घुश्शातच विचारलं. नळाशेजारी राहणारी एक बाई म्हणाली, "ताई, पाणी पहाटे चारला येतं. ते भरलं की सहाला चार घरची धुणीभांडी. बारक्याला कुणाकडे टाकू हा रोजचा घोर. मशीन चालवू कधी? तुम्ही विचारलं असतं तर आम्ही पाळणाघर मागितलं असतं."

गरीब देशांत चर्च लोकांच्या विकासाला हातभार कसा लावतं, ते जरा समजावून सांगा, असं मध्यंतरी तरुण संघाच्या मुलांनी मला म्हटलं. विषय मोठा, जगभर पसरलेला. पण मला आधी आठवला तो टीव्हीखालचा मशीनचा पत्रा. हा लेख त्या मुलांसाठी आहे. बाकीच्यांनीही वाचावा, कारण चर्चच्या जागी गणेश मंडळ किंवा बुद्धविहाराचा ट्रस्ट घातला तरी बहुतेक मजकूर तसाच लागू पडेल.

पहिली गोष्ट: मदत वेगळी, विकास वेगळा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री ज्याच्याकडे कोरडी फरशी होती त्याने दार उघडलं, खिचडी शिजवली, चादरी दिल्या. तेव्हा कुणाला काय हवंय हे विचारत बसायचं नसतं. भिजलेल्या माणसाला काय हवं ते दिसतं. पण पूर ओसरून सहा महिने झाले तरी खिचडीची रांग चालूच राहिली, तर वस्तीतल्या वडापाववाल्याचा धंदा बसतो आणि रांगेतली माणसं रांगेचीच होतात. मदत म्हणजे बुडत्याला हात. विकास म्हणजे गटार कुठून तुंबतं हे वस्तीने शोधणं, वॉर्ड ऑफिसात अर्ज घेऊन जाणं, आणि पुढच्या वर्षी आपणहून पुन्हा जाणं. चर्चला पहिलं छान जमतं, कारण करुणा ही त्याची सवयच आहे. दुसऱ्यात ते अडखळतं, कारण तिथे देणाऱ्याला मागे सरावं लागतं.

आता चर्चकडे असतं तरी काय? आपल्याकडे समज असा, की चर्च म्हणजे परदेशी पैसा. मलावी, युगांडा किंवा कांगोच्या खेड्यातलं चर्च म्हणजे बहुतेक वेळा विटांच्या चार भिंती आणि वर पत्रा. आत बसणारे लोक स्वतःच गरीब. पैसा ही त्यांच्याकडची सगळ्यांत तोकडी गोष्ट. पण एक असतं: ते उठून जात नाही. संस्थेचा प्रकल्प तीन वर्षांचा, मग जीप परत जाते, फलक गंजतो. चर्च मात्र रस्ता होण्याच्या आधीपासून तिथे असतं आणि दुष्काळ, यादवी, निवडणूक सगळं होऊन गेल्यावरही असतं. दर आठवड्याला माणसं न बोलावता जमतात. पाळकाला कुणाच्या घरी मूल आजारी आहे, कुणाचा नवरा पितो, कोण कर्जात आहे हे कुठलाही सर्व्हे न करता माहीत असतं.

काही देशांत तर हा निव्वळ हातभार राहत नाही. मलावीत ख्रिस्ती दवाखान्यांची संघटना १९६६ पासून आहे, आणि देशातल्या आरोग्यसेवेचा साधारण तिसरा हिस्सा ती सांभाळते, तोही मुख्यतः खेड्यांत. सरकारी दवाखाना जिथे पोचलेला नाही तिथे सरकार मिशनच्या दवाखान्याशी करार करतं: बाळंतपण तुम्ही करा, बाईकडून पैसे घेऊ नका, बिल आम्ही देऊ. कांगोत १९७७ च्या करारानुसार बऱ्याच शाळा सरकारी, पण कारभार चर्चचा. अशा ठिकाणी चर्च काढून घ्या आणि बघा, सोमवारी कितीतरी वर्ग भरणार नाहीत.

विश्वासाची ताकद कळायला मात्र इबोलाची साथ पाहावी. २०१४-१५ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये अकरा हजारांवर माणसं गेली. इबोलाने मेलेल्याच्या अंगावर विषाणू सगळ्यांत जास्त असतो, आणि तिथली रीत अशी की मयताला घरच्यांनी अंघोळ घालायची, हात लावून निरोप घ्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता की नव्या लागणींपैकी निदान वीस टक्के अंत्यविधीतून होताहेत. मग पांढऱ्या पोशाखातली पथकं येऊन मृतदेह पिशवीत घालून नेऊ लागली. लोक काय करणार? त्यांनी मयत लपवायला सुरुवात केली. आपल्या आजीला कुणी प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं तर आपण दुसरं काय करू? शेवटी नोव्हेंबर २०१४ मध्ये संघटनेने चर्चच्या आणि मुस्लिम संस्थांच्या लोकांबरोबर बसून अंत्यविधीची नवी पद्धत ठरवली: शिवायचं नाही, पण प्रार्थना होईल, घरचे लांबून हजर राहतील, खड्ड्यावर नाव लागेल. पाळक आणि इमाम स्वतः उभे राहून म्हणू लागले की असं पुरलेला माणूसही मानानेच गेला. शास्त्र आधीपासून बरोबरच होतं. त्याला दारातून आत घेणारं ओळखीचं कुणी नव्हतं.

ही ताकद दुधारी आहे, हेही सांगायला हवं. ज्या पाळकाचं ऐकून लोक मयताला शिवणं थांबवतात, त्याच्यासारख्याच दुसऱ्या कुणाचं ऐकून एचआयव्हीच्या गोळ्याही थांबवतात: 'प्रार्थनेने बरा झालास, आता औषध म्हणजे अविश्वास.' आफ्रिकेत हे घडलंय, आणि मुंबईतही चमत्कारसभांची पोस्टरं मी रोज बघते. या उलट १९९२ साली युगांडाचे अँग्लिकन पाळक गिडिअन ब्यामुगिशा यांनी आपल्याला एचआयव्ही आहे हे उघड सांगितलं. त्या काळी चर्चमध्ये हा आजार म्हणजे पापाची शिक्षा मानत. सांगणारा खुद्द पाळक निघाल्यावर ते वाक्य म्हणणं अवघड झालं.

आता आपल्या घरचं उदाहरण, आणि माझ्या मते जगातल्या चांगल्या उदाहरणांपैकी एक.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एकत्र शिकले. लग्न झाल्यावर वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात लागले. आपलं वडाळा नव्हे, नेवाशाकडचं. तिथे लक्षात आलं ते कुठल्याही मिशन हॉस्पिटलच्या डॉक्टरला दिसावं असंच होतं: जुलाबाचं मूल बरं करून पाठवायचं, महिन्याभरात तेच मूल परत. हॉस्पिटल जितकं चांगलं चालेल तितकी रांग वाढते, गावातला आजार तसाच. मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून १९७० साली ते जामखेडला आले. तेव्हा जिनिव्हात चर्चेसच्या जागतिक परिषदेचं वैद्यकीय कमिशन हाच प्रश्न विचारत होतं, की आपली शेकडो हॉस्पिटलं नेमकी कुणाला बरं करताहेत? त्यांचं पाठबळ मिळालं. पण काय करायचं हे जिनिव्हाने ठरवलं नाही.

गावकऱ्यांना विचारलं तर त्यांनी दवाखाना मागितलाच नाही. पाणी आणि अन्न म्हणाले. दुष्काळी मुलूख तो, दुसरं काय म्हणणार! मग डॉक्टर बोअर मारण्याच्या आणि लहान मुलांना जेवण देण्याच्या मागे लागले. हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसवायचा. वरच्या आळीच्या बायकांना पाणी हवं तर तिथे यायचं. समतेवर भाषण न देता बादलीने काम केलं.

दुसरी पायरी चुकीतून सापडली. आधी गावोगावी शिकलेल्या नर्सबाई ठेवायचा प्रयत्न झाला. तो फसला. परक्या गावात एकटी राहणारी तरुण मुलगी, तिला आपल्या बाळंतपणाचं कोण सांगणार? मग गावातलीच बाई निवडायचं ठरलं, गावानेच निवडलेली. बऱ्याच जणी निरक्षर, कितीतरी दलित. दर आठवड्याला जामखेडला येऊन त्या राहायच्या, एका पंगतीला जेवायच्या, शिकायच्या: मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून काय तपासायचं, कुठली केस आपल्या हातची नाही. आज गावोगावी दिसणाऱ्या आशाताई २००५ नंतरच्या. जामखेडची बाई त्याच्या तीसेक वर्षं आधीची. १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या आल्मा-आटा शहरात जगातल्या सरकारांनी प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा केला, त्यामागे जामखेडसारखेच प्रयोग होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं.

यात चर्च कुठे आलं, असं तरुण संघातल्या एकाने विचारलं. शिकवणाऱ्या कॉलेजात आलं, पाठीशी उभं राहणाऱ्या कमिशनमध्ये आलं, त्या दोघांच्या श्रद्धेत आलं. गावात मात्र ते दारावर पाटी लावून बसलं नाही. मला वाटतं बरंच श्रेय त्यालाच जातं.

विचारण्याची ही रीत नंतर शिकवण्याजोगी झाली. ब्रिटनमध्ये १९६८ साली सुरू झालेली टीअरफंड नावाची ख्रिस्ती संस्था पूर्व आफ्रिकेतल्या चर्चेसबरोबर एक पद्धत वापरते, तिला 'उमोजा' म्हणतात, स्वाहिलीत एकी. सुरुवात पाच भाकरी आणि दोन माशांच्या गोष्टीने. पाच हजार माणसं भुकेली आहेत, शिष्य म्हणतात यांना घरी पाठवा, आणि येशू विचारतो, तुमच्याजवळ किती भाकरी आहेत ते आधी जाऊन बघा. आपण हजार वेळा ऐकलेली गोष्ट. पण इथे ती ऐकून लोक खरंच बघायला उठतात. कुणाच्या जमिनीत पाणी लागतं, कोण गवंडी आहे, कुणाला हिशेब येतो, चर्चची पडीक जागा किती, असा गावाचा नकाशा जमिनीवर खडूने काढतात. तो काढताना चर्चला न येणाऱ्यांनाही बोलावतात, मुस्लिम शेजाऱ्यांनाही. मग एकच काम निवडायचं, आणि आपल्या हातच्या वस्तूंनी होईल तेवढंच. बाहेरचा पैसा आला तर नंतर. फार वेळखाऊ प्रकार आहे. देणगीदाराला पहिल्या वर्षी दाखवण्याजोगा एक फोटो मिळत नाही.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हाच क्रम जेझुइट या कॅथॉलिक संघाचे स्विस फादर हर्मन बाकर यांनी पाणलोटाच्या कामात लावला. गावाने आधी श्रमदान करायचं, मोकाट चराई आणि झाडतोड बंद करायची, आणि मगच निधी. संगमनेरकडच्या दरेवाडीसारख्या गावांत उघडे डोंगर त्यातून हिरवे झाले. आधी घाम, मग पैसा. आमचं उलट झालं होतं: आधी पैसा, मग फोटो.

पैशांचा विषय निघालाच आहे तर पेटीचं सांगते. १९९१ मध्ये नायजर देशात केअर या मदतसंस्थेने बायकांचे बचतगट सुरू केले आणि ती रीत आफ्रिकाभर पसरली. आता कितीतरी ठिकाणी असे गट चर्चच्या पत्र्याखाली भरतात. पंधरा-पंचवीस जणी, एक लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या घरी. तिघी आल्याशिवाय पेटी उघडत नाही, आणि उघडते ती सगळ्यांसमोरच. दर आठवड्याला प्रत्येकीने जमेल तेवढा हिस्सा टाकायचा, त्यातूनच कर्ज, व्याज ठरलेलं, वर्षाअखेरीला पेटी रिकामी करून हिश्श्याप्रमाणे वाटप. भिशी माहीत असलेल्या मुंबईकर बाईला हे दोन मिनिटांत कळतं. पाळकाच्या हाती किल्ली द्यायची नाही, हा नियम मला विशेष आवडला असता, पण तो सगळीकडे नाही.

वसईकरांनी याच्या कितीतरी आधी, १९१८ साली, हेच मोठ्या प्रमाणावर केलं. मोन्सिनॉर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवायला पतपेढी निघाली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. धर्मगुरूने सुरू केली, पण चालली ती सहकाराच्या कायद्यावर आणि हिशेबावर. चर्चने काम सुरू करावं आणि ते चर्चशिवाय चालेल असं करून ठेवावं, याचं इतकं सरळ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. नागपाड्याचंही तसंच. अमेरिकन मराठी मिशनने १९२६ च्या सुमारास क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्याकडे तिथल्या कामगार वस्तीत काम सोपवलं. नेबरहूड हाउस निघालं, आणि त्यातून १९३६ साली समाजकार्य शिकवणारी सर दोराबजी टाटांच्या नावाची शाळा. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. देवनारच्या तिच्या कॅम्पसवरून जाणाऱ्या किती जणांना तिच्या मुळाशी एक पाळक होता हे माहीत असेल?

आता न करायच्या गोष्टी. जुने कपडे पाठवणं हा सगळ्यांचा आवडता उद्योग. श्रीमंत देशांतले दान केलेले कपडे गठ्ठ्यांनी आफ्रिकेत विकले जातात, स्वाहिलीत त्यांना मितुंबा म्हणतात, आणि त्यांच्या भावाशी तिथल्या शिंप्याला टक्कर देता येत नाही. अनाथाश्रम काढणं हा दुसरा. तिथली बहुसंख्य मुलं अनाथ नसतात. आई किंवा वडील जिवंत असतात, फक्त शाळेची फी आणि जेवण परवडत नसतं. तेवढे पैसे घरी पोचवले तर मूल आईजवळ राहतं. पण आईजवळच्या मुलाच्या नावाने देणगी गोळा करणं कठीण, ही खरी अडचण.

आणि धर्मांतराचा प्रश्न. तो टाळून या विषयावर लिहिणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढणं. 'दुष्काळात धान्यासाठी बाटले' हा टोमणा माझ्या आजीने आयुष्यभर ऐकला. तिच्या आईबापांनी का धर्म बदलला याची बरीच कारणं होती, आणि मानाने वागवलं जाणं हे त्यांत पहिलं. पण धान्य आणि धर्म एकाच हाताने दिला की देणाऱ्याचा हेतू आणि घेणाऱ्याचा निर्णय दोन्ही कायमचे संशयात जातात. १९९४ साली रेडक्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी आचारसंहिता केली, तीत स्पष्ट आहे: गरज बघून द्या, धर्म बघून नाही, आणि मदतीचा वापर कुठलंही धार्मिक किंवा राजकीय मत पुढे रेटायला करू नका. कॅरिटास ही कॅथॉलिक मदतसंस्था आणि लूथरन चर्चेसची जागतिक संस्था ही संहिता करणाऱ्यांत होत्या. विकासाच्या कामातही मी हाच नियम पाळीन. ज्या मंडळीला तो जाचक वाटतो तिने सुवार्तेचं, म्हणजे धर्मप्रसाराचं, काम उघडपणे सुवार्ता म्हणून करावं, पाळणाघर काढू नये.

परदेशी पैशाबद्दल एवढंच: परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतो, मोठ्या संस्थेला तो लहान संस्थेकडे वळवता येत नाही, आणि व्यवस्थापनावर वीस टक्क्यांहून जास्त खर्च चालत नाही. नोंदणी नसलेल्या लहान मंडळीने त्या वाटेकडे बघूच नये. भोपळ्याच्या लिलावाला बरे दिवस आलेत ते यामुळेही.

वस्तीपुरतं बोलत राहिलं की एक गोष्ट निसटते. झांबिया किंवा युगांडासारख्या देशाचा पैसा जुन्या कर्जाच्या हप्त्यांतच जात असेल, तर खेड्यातल्या पेटीने किती होणार? बायबलच्या जुन्या करारात दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराला परत करायचं आणि गुलामांना सोडायचं योबेल वर्ष आहे. ती कल्पना उचलून चर्चेसनी आणि इतरांनी २००० सालासाठी कर्जमाफीची मोहीम उभारली. मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला श्रीमंत देशांचे नेते जमले असताना सत्तरएक हजार माणसांनी हातात हात घालून शहरात साखळी केली. पुढच्या काही वर्षांत बऱ्याच गरीब देशांची मोठी कर्जं खरंच माफ झाली, आणि युगांडाने प्राथमिक शाळांवर जास्त खर्च केला. त्या एका साखळीने जेवढं झालं तेवढं आमच्या शंभर लिलावांनी व्हायचं नाही.

तरी लिलाव चालूच आहे. मानखुर्दच्या बायकांबरोबर आम्ही पुन्हा बसलो, या वेळी वह्या न घेता. चर्चच्या मागची संडे स्कूलची खोली सोमवार ते शनिवार रिकामी असते हे त्यांनीच दाखवून दिलं. आम्ही वीस वर्षं तिला रिकामी म्हणून बघितलंच नव्हतं. पाळणाघर सुरू झालं. फी घेऊ नये असं पाळकसाहेबांचं मत होतं, रोजचे वीस रुपये घ्यायचेच असं बायकांचं. फुकट असेल तर उद्या बंद पडलं तरी आम्हाला बोलता येणार नाही, असं नळाशेजारची म्हणाली. किल्ली तिच्याकडे असते.

घोळ झाला तो रविवारचा. बायकांची कामं रविवारीही असतात, आणि खोलीत तेव्हा संडे स्कूल भरतं. पहिल्या रविवारी पाळणाघरातली मुलं तिथेच बसली आणि घरी जाऊन येशूची गाणी म्हणू लागली. त्यांत निम्मी बौद्ध घरांतली, तीन मुसलमान. कुणी तक्रार केली नव्हती. तरी पंच कमिटीत दोन तास वाद झाला: गाण्याने काय बिघडतं असं एका बाजूचं म्हणणं, आईला न विचारता नाही असं दुसऱ्या बाजूचं. मी दुसऱ्या बाजूला होते. सध्या रविवारी सकाळी ती मुलं पाळकीणबाईंच्या हॉलमध्ये असतात, आणि पाळकसाहेब उपदेशावर शेवटची नजर टाकायला जिन्यात बसतात.